मागचा नळ

गीताच्या न्हाणीतला नळ रमाने बंद केला आणि तिचा हात तिथेच थांबला. मनगट उजवीकडे वळलं होतं, पाणी थांबलं होतं. यात थबकण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या मनगटाला एकाएकी आठवलं, की आज दिवसभरात हे वळण त्याने घेतलेलंच नाही. सकाळी घरी मागच्या अंगणातला नळ तिने उघडला होता. नळ दोनदा खाकरला, थोडी हवा फुसफुसली, थेंबही पडला नाही. तिने बादली नळाखाली सरकवली आणि ती आत आली. इथवर सगळं लख्ख आठवत होतं. उघडला, हे हाताला आठवत होतं. बंद केला, हे आठवत नव्हतं. तिने डोळे मिटून मनातल्या मनात पुन्हा एकदा अंगण ओलांडलं. धुण्याचा दगड, तुळस, तारेवरचे टॉवेल, नळ. नळापाशी पोचलं की हात पुढे होई आणि चित्र तिथेच संपे. बाहेर बायका हसत होत्या, आंब्याच्या डाळीत मिरची जास्त झाली म्हणून कोणी गीताला चिडवत होतं, आणि रमाच्या हातावरचं चंदन पाण्याबरोबर मनगटाखाली ओघळत होतं.

केला असेल बंद. सवयीने केला असेल. पण सवय, तीच तर खरी भानगड होती. ही सवय काय ते इथेच सांगायला हवं, नाहीतर रमा वेंधळी वाटेल, आणि ती वेंधळी मुळीच नव्हती; उलट गल्लीत तिच्या टापटिपीचा लोकांना धाकच होता. पण एकतीस वर्षं ती कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहिलेली बाई. तिथे पाणी सकाळी यायचं आणि संध्याकाळी यायचं, आणि उन्हाळ्यात वेळ मागेपुढे झाली तरी घड्याळ कोणी बघायचं नाही. नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामी बादली ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. पाणी आलं की बादलीच्या बुडावर जो आवाज होई, तो घरात कुठेही असलं तरी ऐकू येई. पोळी तव्यावर टाकून बाया धावत. सगळ्या सेक्टरचा तोच रिवाज होता. कधी घरात कोणी नसलं तर पाणी वाहून जाई, नालीतून आंब्याच्या झाडांना मिळे, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. पाण्याला मीटर नव्हता आणि मनाला धास्ती नव्हती. मग दिवाकर रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, सुपेल्याच्या पलीकडे प्लॉट घेऊन ठेवला होता तिथे घर झालं. सामान आलं, देव आले, आणि कोणाच्या लक्षात न येता ही सवयही ट्रकमध्ये बसून आली.

"अवं रमा, न्हाणीतच बसली का?" गीताने दारावर टकटक केलं. "ये नं, ओटी भरायची राहिली तुयी."

रमा बाहेर आली. ताटात भिजवलेले हरभरे होते, काकडी होती, चैत्रगौर झोक्यात बसली होती. गीताचा नवरा अजून नोकरीत होता म्हणून तिचं क्वार्टर अजून होतं, आणि दर चैत्रात ती हे हळदीकुंकू जुन्या पद्धतीने करी. आल्याआल्या प्रत्येक सवाष्णीचे पाय परातीत घेऊन स्वतः धूत असे. रमा तीन वाजता आली तेव्हा तिच्या पायांवर गीताने एक तांब्या ओतला आणि उन्हातून आलीस म्हणून आणखी एक ओतला. तो थंडपणा पोटरीपर्यंत चढला. तेव्हा रमाच्या मनात आलं होतं, दोन तांबे! आमच्या गल्लीत दोन तांब्यांत वरणभाताची भांडी निघतात. मनात आलं होतं आणि त्याबरोबर थोडा अभिमानही वाटला होता, जसा उपास करणाऱ्याला जेवणाऱ्यांकडे बघून वाटतो. आता तिला तो अभिमान आठवला आणि कानशिलं गरम झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नशीब, गीता ओंजळीत हरभरे टाकत होती आणि तिचं रमाच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं.

"मी निघतो व गीता."

"कावून? पन्हं तर घे! तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. घरी काम हाय थोडं."

"आज टँकरचा दिवस नं तुमचा? मंग आता कायचं काम? टाकी भरली म्हंजे राणीसारखं बसाचं."

टाकी भरली होती, हेच तर होतं. नळ कोरडा असता तर उघडा राहिला काय आणि बंद राहिला काय. दुपारी एक वाजता ओमप्रकाश टँकर घेऊन आला. रमाने फाटक उघडून दिलं, पाइप हौदात सोडेपर्यंत उन्हात उभी राहिली, आणि दिवाकरने रंगवून दिलेली लोखंडी सळई हौदात बुडवून बघितली. सळईवर पांढऱ्या रंगाच्या दहा खुणा होत्या आणि पाणी दहाव्या खुणेला टेकलं होतं. तो हौद एकट्या त्यांचा नव्हता. घर बांधताना दिवाकरने हौस म्हणून मोठा खोदून घेतला. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या बोअर एकामागून एक कोरड्या पडल्या, कोणाची तीनशे फुटांवर, कोणाची साडेचारशेवर. गेल्या पावसाळ्यात तर जे पडायचं ते चार दिवसांत धो धो पडून गेलं आणि जमिनीत काही उतरलंच नाही. तेव्हा सहा घरांनी मिळून टँकर लावला. तो दर चौथ्या दिवशी येई आणि या हौदात रिकामा होई. संध्याकाळी साडेपाच वाजता पाळीपाळीने ज्याचा त्याने पाइप लावून आपला वाटा न्यायचा. हौदाच्या झाकणाची किल्ली रमाच्या कमरेला. आणि हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला दिवाकरने जे यंत्र बसवलं होतं ते आपोआप चाले. वरची टाकी उतरली की मोटर सुरू, भरली की बंद. माणसाचं काही कामच नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. रमा सव्वादोनला घरातून निघाली तेव्हा मोटर नुकतीच गुणगुणायला लागली होती. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं होतं. आता तिच्या डोळ्यांपुढे ते यंत्र आलं, शहाणं आणि आज्ञाधारक. मागचा नळ सोडतो आहे, वरची टाकी उतरते आहे, मोटर इमानाने चढवते आहे, सहा घरांचं पाणी. तिच्या पाचावर धारण बसली.

गीताच्या फाटकाबाहेर येऊन तिने दिवाकरला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिला माहीत होतं ती कुठे वाजते आहे. फोन फ्रिजवर आणि दिवाकर आतल्या खोलीत कुलरसमोर, आणि त्यांच्या कानातलं यंत्र प्लास्टिकच्या डबीत, उशीजवळ. चौतीस वर्षं पंप हाऊसमध्ये काढली त्या माणसाने. कारखान्याला पाणी पुरवलं आणि त्याच्या बदल्यात कान देऊन आले. दुपारी यंत्र काढून ठेवलं की त्यांना जगाशी देणंघेणं नसे. "चौतीस वर्षांनी शांतता भेटून राहिली, भोगू दे," असं म्हणत. अंगणात पाणी धो धो वाहत असलं तरी त्या शांततेत थेंब शिरणार नव्हता. रमाने पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. मग ऑटो मिळाला. चार वाजून सात मिनिटं झाली होती.

दर मिनिटाला एक बादली. हा हिशोबही दिवाकरचाच. नवीन घरात आले त्या दिवशी त्यांनी घड्याळ हातात धरून प्रत्येक नळ मोजला होता. स्वयंपाकघरातला मंद, न्हाणीतला बरा, मागचा सगळ्यांत जोरदार, मिनिटाला बादली. तेव्हा रमा हसली होती. आता ऑटोच्या मागच्या बाकावर, मांडीवर हरभऱ्यांची पिशवी घेऊन, ती मोजायला लागली. सव्वादोन ते सव्वातीन साठ बादल्या. सव्वातीन ते आत्ता, पन्नासच्या वर. बादल्या तिला ओळीने दिसायला लागल्या, फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजयकुमारच्या घरापर्यंत, भरलेल्या, काठोकाठ, आणि एकेक पुढे होऊन आपणहून आडवी पडायची. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. लूच्या गरम वाऱ्याचा झोत ऑटोत एका बाजूने शिरून दुसरीकडून निघे आणि ओठ ओले करावेत तर जीभच कोरडी. कदाचित बंद केला असेल, ती स्वतःला म्हणाली. पण मग बादली? बादली तिथेच राहिली, हे नक्की. नळ बंद करणारी बाई बादली उचलते.

फोन तिच्या हातातच होता. समोरच्या घरातल्या प्रणिताचं नाव यादीत सगळ्यांत वर होतं. प्रणिता शाळेत शिकवायची, यावेळी घरी असे. फाटकाला नुसती कडी. कडी काढायची, बाजूच्या बोळातून मागे जायचं, नळ फिरवायचा. दोन मिनिटांचं काम. रमाने नावावर बोट ठेवलं आणि काढलं. झोपली असेल बिचारी. आणि समजा नळ बंदच निघाला, तर उगीच शोभा. ऑटो सेक्टरच्या सावलीतून बाहेर पडला. चार मिनिटं गेली, चार बादल्या. तिने पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. प्रणिताच्या झोपेची तिला काळजी नव्हती. प्रणिता मागच्या अंगणात उभी राहील, वाहता नळ बघेल, आणि मग हर्षाची गोष्ट तिला आठवेल, याची भीती होती.

हर्षा मागच्या बाजूला राहायची, रमाच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक भाड्याची खोली होती तिथे. राजनांदगावकडची पोर. नवरा रसमड्याच्या फॅक्टरीत ठेकेदाराकडे, कडेवर दीड वर्षाची मुलगी. सहा घरांत सहावं तिचं. बारा दिवसांपूर्वी आपल्या पाळीत ड्रमला पाइप लावून ती खोलीत गेली आणि ड्रम भरून वाहिला, गल्लीभर पाणी झालं. मुलगी पायरीवरून पडली होती, तिला उचलायला गेले, असं ती सांगत होती. विजयकुमार म्हणाले, जाने दो मॅडम, बच्चे का मामला है. पण नियम केला होता रमाने: जो पाणी सांडेल त्याची एक पाळी बंद. ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, आज लेकराचं कारण, उद्या शेगडीचं कारण. नियम म्हणजे नियम. त्यानंतर टँकरचे दोन दिवस चुकले, पाण्याचे हाल झाले, म्हणून शिक्षेची पाळी लांबत लांबत नेमकी आजवर आली. आज दुपारी टँकर हौदात पडत होता तेव्हा हर्षा फाटकाशी उभी होती. काही मागत नव्हती, मुलीला कडेवर घेऊन नुसती बघत होती. आणि रमा तिला म्हणाली होती, "अगली पारी में, बेटा." ते 'बेटा' तिने किती मायेने म्हटलं होतं! आता ते आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

ऑटोवाल्याने सवारी घ्यायला वळण घेतलं आणि कॅम्प-१ या जुन्या मजूरवस्तीकडचा रस्ता दिसला. लग्न होऊन आली तेव्हा रमा तिथेच उतरली होती. वर्ध्याहून आलेली एकवीस वर्षांची पोर. दिवाकरला क्वार्टर मिळायचं होतं आणि तोवर आठ महिने कॅम्पातल्या एका खोलीत. सार्वजनिक नळावर भांड्यांची रांग लागे. माणसं उभी राहत नसत, भांडी उभी राहत. तुटक्या कानाची कळशी भैय्याजी किराणावाल्याची, झाकणाला सुतळी बांधलेला डबा पलीकडच्या आजीचा. प्रत्येकाला प्रत्येकाचं भांडं ओळखू येई आणि कोणी कोणाचं पुढेमागे करत नसे. एकदा तिची घागर कोणीतरी मागे सरकवली तर ती खोलीत येऊन रडली. दिवाकर हसले नाहीत. म्हणाले, "थोडे दिवस. क्वार्टर भेटलं का मंग नळ तुया एकटीचा." आणि क्वार्टर मिळालं त्या दिवशी सामान न लावता ती नळासमोर बसली आणि नळ सोडून दिला. काही भरायचं नव्हतं, धुवायचं नव्हतं. नुसता बघत बसायला सोडला, सकाळभर. सिमेंटच्या मोरीत तो आवाज, आणि हातावर उडणारे शिंतोडे, आणि कोणी मागे उभं नाही. एवढं सुख तिला पुढे कशाचंच झालं नाही, मुलगा, सिद्धांत, झाला तेव्हा झालं, पण ते वेगळं. मग इतकी वर्षं त्या नळावर काढल्यावर रांगेतली घागर तिच्या मनातून गेलीच होती. ती कमरेला किल्ली लावून दुसऱ्यांच्या घागरी मागे सरकवायला लागली, आणि ते तिला आत्ता, या ऑटोत दिसलं.

सुपेला चौकात सगळं ठप्प होतं. समोर कोणाचा तरी टँकर बंद पडला होता आणि त्याच्या मागच्या तोटीतून धार रस्त्यावर पडत होती. दोन पोरी उसाच्या रसाच्या गाडीवरचे डबे घेऊन ती धार झेलत होत्या. रमाने तोंड फिरवलं. चार पस्तीस. ऑटोवाला इंजिन बंद करून घाम पुसत म्हणाला, "अब आधा घंटा समझो, माताजी." ती उतरून चालायला लागली. पायांत हळदीकुंकवाच्या चपला, रेशमी साडी उन्हात पाठीला चिकटलेली. फोन हातात होता, प्रणिताचं नाव अजून वर होतं. चालताना तिने मनाशी एकदा ठरवलंही, त्या पिंपळापर्यंत जाऊ आणि मग लावू. पिंपळ आला आणि गेला. मग हार्डवेअरच्या दुकानाचा ठराव झाला. तेही मागे पडलं. विसरायला तिला एक क्षण लागला होता. पण हे जे चाललं होतं ते विसरणं नव्हतं. हे ती करत होती, शुद्धीवर असताना, दर मिनिटाला एक बादली. तिला ते कळत होतं आणि तरी बोट पुढे होत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. गल्ली उन्हात झोपलेली. फाटकाची कडी काढली आणि बाजूच्या बोळात शिरल्याबरोबर तिला तो आवाज आला. भरलेल्या बादलीवर पडणाऱ्या पाण्याचा, जाडसर, संथ. एकतीस वर्षं ज्या आवाजासाठी ती पोळी टाकून धावत असे, तोच. बादली केव्हाच भरून वाहत होती, दगडावरून नितळ पाणी पन्हाळीत जात होतं आणि भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकातून पलीकडे. तिने नळ बंद केला. मनगट दुखेपर्यंत आवळला. वर टाकीकडून मोटरचा गुणगुणाट आणखी थोडा वेळ येत राहिला आणि थांबला. तिने हौदाचं कुलूप काढलं, सळई बुडवली. चौथी खूण. जेमतेम चौथी. दहातल्या सहा खुणा भिंतीच्या भोकातून गेल्या होत्या. आत दिवाकर कुलरसमोर तोंड उघडं टाकून झोपले होते, उशीजवळ डबी होती.

पाणी कुठे गेलं ते तिला बघायचं होतं. आता बघून काय होणार होतं कोण जाणे, पण माणूस पडला तर आधी आपण कशाला अडखळलो ते वळून बघतो. ती फाटकाबाहेर पडून मागच्या गल्लीत गेली. भिंतीच्या भोकाखाली एक प्लास्टिकचा टब होता. टबापासून हर्षाच्या दारापर्यंत भांडी होती: घागर, दोन बादल्या, ड्रम, कुकर, परात, पोरीचा न्हायचा टब, पिठाचा डबा, पितळी बटलोई, तीन ग्लाससुद्धा. सगळी भरलेली. नालीत खाली ओल पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. म्हणजे भांडी संपली आणि पाणी संपलं नाही. हर्षा उंबऱ्यावर बसली होती. रमाला बघून ती ताडकन उठली.

गेल्या दोन वर्षांत रमा त्या दाराशी कधी गेली नव्हती. जे बोलायचं ते आपल्या फाटकात उभी राहून बोलली होती. हर्षा आत गेली, लोटा घेऊन आली, ड्रममधून भरला आणि रमाच्या पायांपुढे जमिनीवर ठेवला. त्यांच्या गावाकडे दारी आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा लोटा ठेवतात, पाय धुवायला, मग पुढचं बोलणं. वैरी आला तरी ठेवतात. पोरीने ते विचार करून केलं नाही. हातानेच केलं, जसा रमाच्या हाताने सकाळी नळ उघडला होता. रमा त्या लोट्याकडे बघत राहिली.

"काकी, तीन बार घंटी बजाई," हर्षा हलक्या आवाजात म्हणाली. "काका नहीं उठे."

"फाटक तो खुला था, बेटा. अंदर आके नल बंद कर देती."

हर्षा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आज मेरी पारी बंद थी ना. अंदर दिखती तो सब बोलते, पानी चुराने घुसी." मग पुढे म्हणाली, "मैंने किसी को नहीं बताया काकी. नहीं बताऊँगी."

रमाला राग आला असता तर बरं झालं असतं. ही काय भरून घेत बसली म्हणून दोन शब्द सुनावता आले असते. पण ती पोर तिला झाकून घेत होती. लोट्यातल्या पाण्यात भिंतीचा तुकडा हलत होता. तेवढ्यात पुढून दिवाकरचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. रमा वळली आणि लोटा तिथेच राहिला.

पुढे फाटकाशी चार घरं जमली होती, खांद्यावर पाइपची वेटोळी. दिवाकर उठले होते, यंत्र कानात घातलं होतं, हातात सळई होती. ते सळई सगळ्यांना दाखवत होते. "चार! रमानं दुपारी पाह्यलं तवा दहा होतं म्हणते. कसं शक्य हाय? वरून फेस दाखवते अन् अर्धा टँकर दुसरीकडे इकते हा बदमाश!" फोन स्पीकरवर होता आणि त्यातून ओमप्रकाशचं रडवेलं बोलणं येत होतं. "साहब, कसम से पूरा डाला. मॅडम सामने खड़ी थीं, मॅडम से पूछ लो." विजयकुमार म्हणाले, "छोड़ो सर, इसको हटाओ. कल से दूसरा लगाते हैं." प्रणिता म्हणाली, "मागच्या बारीलाही मले कमीच वाटलं होतं." तिला काही कमी वाटलं नव्हतं, पण माणसाला एकदा चोर सापडला की जुनं सगळं आठवायला लागतं.

सगळ्यांनी रमाकडे बघितलं. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं, एक चेहरा करायचा होता, हताश, आणि पदराने मान पुसायची होती. टँकरवाले चोर असतात हे सगळ्यांना पटलेलं होतंच. हर्षा बोलणार नव्हती. रमाने मान खाली घातली. पायांवर सुपेल्यापासूनची धूळ होती, आणि धुळीखाली बोटांच्या बेचक्यात गीताने लावलेल्या हळदीची पिवळी रेघ.

"त्याले शिव्या नका देऊ," ती म्हणाली. "नळ माया उघडा राहिला. मागचा."

"काय?" दिवाकरने कानावर हात नेला.

तिने पुन्हा सांगितलं. कोणी हललं नाही म्हणून हिंदीत सांगितलं. एकदा कबूल करणं ती कशीबशी करू शकली असती. तीनदा करावं लागलं. "सव्वादोनपासून वाहत होता. चार वाजता मले आठवलं. प्रणिता, तुया नंबर हातात होता माया. मी फोन नाही केला. तू पाहशील म्हणून नाही केला." "वरच्या टाकीतलं हौदात सोडतो. जे हाय ते पाच घरांत वाटा. हर्षालेही द्या, ज्यानं नियम केला त्याच्याच घरी मोडला. पुढच्या बारीले आमचं घर बंद." तिने कमरेची किल्ली काढली आणि कोणाच्या हातात द्यावी ते न कळून हौदाच्या झाकणावर ठेवली. दिवाकर तिच्याकडे बघत होते. त्यांनी सळई भिंतीला टेकवून ठेवली, फार हळू, जणू तिचा आवाज झाला असता. मग म्हणाले, "मी झोपलो होतो नं. माया पण दोष हाय त्याच्यात." कोणी 'जाऊ द्या' म्हणालं नाही. प्रणिताने पाइप खांद्यावरून उतरवला आणि रमाकडे न बघता पाळी लावायला सुरुवात केली.

रमा मागच्या गल्लीत परत गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. पुढे उभं राहवत नव्हतं एवढं खरं. लोटा होता तिथेच होता. हर्षाने सगळं ऐकलं असणार, भिंत केवढी ती. ती दारात उभी होती आणि तिच्या मागे पोर ग्लासात हात बुडवून चापट्या मारत होती. रमाने चपला काढल्या, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि लोटा घेतला. सकाळी नळाला न आलेलं पाणी. तिने उजव्या पायावर बारीक धार धरली, मुलाला औषध पाजावं तशी, धूळ निघेपुरती. मग डाव्यावर, त्याहून बारीक. अर्धा लोटा उरला, तो तिने हर्षापुढे धरला.

हर्षाने तो घेतला नाही.

"पूरा डाल लो, काकी," ती म्हणाली. "आपका ही है."